उजवं बटण: संगणक क्रमांक ३ च्या दुरुस्तीच्या नोंदी

६ सप्टेंबर २०२५, शनिवार, बार्शी

अनंत चतुर्दशी. गणपती पोचवून आलो आणि अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "दिवाळीनंतर गाळा मोकळा करून द्यायचाय. तुला काय ठेवायचं ते बाजूला काढ, बाकी भंगारात."

पुढच्या खोलीत टायपिंगची सतरा यंत्रं अजून झाकणाखाली ओळीनं उभी आहेत. मागच्या खोलीत २००१ साली अण्णांनी कर्ज काढून घेतलेले पाच संगणक असायचे, सोलापुरात जोडून आणलेले. त्यातले दोनच उरलेत. क्रमांक ३ कपाटाच्या मागे सापडला. कॅबिनेटवर ऑइल पेंटनं काढलेला अण्णांच्या अक्षरातला '३', आणि त्याखाली हळदीकुंकवाची बोटं, दरवर्षीच्या खंडेनवमीची, एकावर एक.

ह्याच संगणकावर मी आणि ताई 'द हाउस ऑफ द डेड' खेळायचो. २००२ ते २००६, चार वर्षं.

ठरवलं: हा भंगारात जाणार नाही. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे, ताई त्या दिवशी नाशिकहून येईल. तोवर हा चालू करायचा. तोच खेळ, तोच मॉनिटर, तोच माउस. आणि मॅजिशियनपर्यंत पोचायचं. मॅजिशियन म्हणजे खेळातला शेवटचा राक्षस. चार वर्षांत आम्ही त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

जेमतेम सात आठवडे. त्यातले शनिवार-रविवार तेवढे माझे.

७ सप्टेंबर, रविवार, बार्शी

कॅबिनेट उघडलं. आत पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं आणि पंख्यावर बोटभर धूळ. सेलेरॉन ६०० मेगाहर्ट्झ, इंटेल ८१० चिपसेटचा बोर्ड, ग्राफिक्स बोर्डावरच. १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क. प्रोसेसरच्या शेजारचे सात कपॅसिटर (वीज साठवून सोडणारे छोटे डबे) फुगलेत, एकाच्या बुडातून तपकिरी रस येऊन वाळलाय. त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांचं हेच दुखणं: आतल्या द्रवाचं मिश्रण बिघडलेलं, वर्षानुवर्षं आत वायू साठत जातो आणि डोक्यावरची फुलीची खाच वर उचलली जाते. असा बोर्ड तसाच चालू करून बघायचा नसतो. केला नाही.

माउस मात्र हातात घेऊन बराच वेळ बसलो. गोळीवाला, पीएस-टू पिनेचा. जुन्या माउसचं डावं बटण झिजलेलं असतंच. ह्याचं उजवंही तितकंच गुळगुळीत झालंय. ते माझ्या बोटानं झालंय.

इथं खेळाचं थोडं लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या नोंदी कळणार नाहीत. हा मुळात सेगाचा, आर्केडमधला खेळ. समोर मोठा पडदा, हातात प्लास्टिकची पिस्तूल. आपण चालायचं नसतं. कॅमेराच आपल्याला क्युरियन नावाच्या डॉक्टरच्या वाड्यात घेऊन जातो, आणि जिथं नेतो तिथं जे अंगावर येईल त्याला गोळ्या घालायच्या. १९९८ मध्ये तो पीसीवर आला. पिस्तुलात सहा गोळ्या. आर्केडमध्ये पिस्तूल पडद्याबाहेर रोखून चाप ओढला की गोळ्या भरल्या जातात. माउसचा बाण पडद्याबाहेर जात नाही, म्हणून पीसीवर ते काम उजव्या बटणाला दिलेलं. डावं बटण गोळी, उजवं बटण भरणं. दुसऱ्या खेळाडूला की-बोर्ड, पण की-बोर्डवर नेम काही धरता येत नसे. दोन-तीनदा भांडलो आणि मग एकच माउस दोघांत घेतला. हात ताईचा. डाव्या बटणावर तिचं बोट, उजव्यावर माझं. मी मोजायचो. पाचवी झाली की बोट ताठ करायचो आणि सहावीला ओरडायचो, "सहा!" तेवढ्यात दाबायचं. जरा लवकर दाबलं तर गोळी वाया, उशीर झाला तर खेळातला माणूस खेकसायचा, "रीलोड!" त्या वेळात झोंब्याची कुऱ्हाड पडद्यावर येऊन आदळायची आणि पडद्यावर ओरखडे उमटायचे.

मी सातवीत होतो, ताई अकरावीला.

१३ सप्टेंबर, शनिवार, पुणे

कॅबिनेट गाडीत घालून आणलं. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आधी एकटा तपासला. हिरवी तार काळीला जोडली, पंखा फिरला. पाच व्होल्टच्या तारेवर ४.६, बारावर ११.२. पाच टक्क्यांपलीकडे घसरलाय. ठेवण्यात अर्थ नाही, नवा घालतो.

१४ सप्टेंबर, रविवार, पुणे

सातही कपॅसिटर काढले. बोर्ड अनेक थरांचा, तांबं उष्णता ओढून घेतं, त्यामुळे जुना कथील सहज वितळत नाही. आधी थोडा ताजा कथील लावला, मग दोन्ही पाय आळीपाळीनं तापवत कपॅसिटर हलवत हलवत काढला. एकेकाला वीस मिनिटं. १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचे, कमी रोधाचे नवे मागवलेत.

हे हातकाम चालू असताना डोकं मोकळं होतं, आणि डोक्यात यूपीएसची टीं टीं वाजत होती.

बार्शीत तेव्हा लोडशेडिंग होतं. वेळा ठरलेल्या असत पण त्या बदलत राहत. साडेआठची शेवटची बॅच सुटली की अण्णा भगवंताच्या देवळात जायचे. जाऊन यायला पाऊण तास. तो पाऊण तास आमचा. त्या पाऊण तासात वीज गेली की खोलीत मिट्ट काळोख व्हायचा, आणि त्या काळोखात फक्त मॉनिटर, त्यात वाडा. यूपीएस दहा मिनिटं टिकायचा. आधी सावकाश वाजायचा, शेवटच्या दोन मिनिटांत घाईघाईनं. ताई म्हणायची, "बंद करायचं?" मी म्हणायचो, "नको, चॅरियट होऊ दे."

चॅरियट म्हणजे पहिल्या भागाचा राक्षस. अंगभर चिलखत, हातात लांब दांड्याचा परशू. ह्या खेळातल्या सगळ्या राक्षसांची नावं टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांवरून आहेत: चॅरियट, हँग्डमॅन, हर्मिट, मॅजिशियन. प्रत्येक लढाईच्या आधी एका वहीचं पान समोर येतं. त्यात राक्षसाचं चित्र आणि त्याची दुखरी जागा. चॅरियटची छातीत, चिलखताला जिथं भोक आहे तिथं. ती जागा ठाऊक असूनही हात थरथरायचा, कारण तो जवळ जवळ येत जायचा आणि यूपीएसचं वाजणं जलद होत जायचं. दोन्ही मिळून मला एकच भीती वाटायची. चॅरियटच टीं टीं करत येतोय असं वाटायचं.

एकदा तो मरता मरता यूपीएस संपला. पडदा मध्ये एका ठिपक्यात गोळा झाला आणि विझला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. अंधारात पुढच्या खोलीतून यंत्रांमधून वाट काढत दारापर्यंत जायचं होतं. ताईनं माझं मनगट धरलं होतं. तेव्हा मला वाटलं, मला धीर द्यायला.

१८ सप्टेंबर, गुरुवार, पुणे

कपॅसिटर आले. रात्री बसवले. धन-ऋण पाय तीनदा तपासले.

२० सप्टेंबर, शनिवार, पुणे

नवा एसएमपीएस लावून बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर काही नाही, स्पीकरमधून लांब बीप, परत लांब बीप. रॅम. पट्टी काढली, सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवला, परत बसवली. एकच छोटी बीप!

तारीख जानेवारी २००० दाखवत होती. घड्याळाची सेल मेलेली. सीआर २०३२ ची नवी घातली. हार्ड डिस्क अजून जोडलेली नाही. तिच्यात काय आहे ते आधी उतरवून घ्यायचं, मगच तिला कामाला लावायचं. जुनी डिस्क किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो.

२१ सप्टेंबर, रविवार, पुणे

डिस्क यूएसबी जोडणीवर लावली. फिरताना कर्र आवाज, पण टकटक नाही. डीडीरेस्क्यू लावला. हा प्रोग्राम आधी सुखासुखी वाचता येईल तेवढं पटापट उचलतो, अडेल तिथं थांबत नाही, पुढं जातो. अडलेल्या जागांवर नंतर परत परत फिरतो. तापू नये म्हणून डिस्कवर टेबलफॅन.

ताईला फोन केला नाही. तिला भाऊबीजेलाच कळू दे.

२२ सप्टेंबर, सोमवार, पुणे

घटस्थापना. पहाटे उठून बघितलं, वाचन पूर्ण. वाया गेलेला भाग अर्धा एमबीही नाही. आता ही प्रत ३२ जीबीच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर टाकून आयडीई जोडणीनं बोर्डाला लावायची. मोठं कार्ड घेतलं नाही, कारण त्या काळातले बरेच बायॉस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) साधारण ३३ जीबीच्या पुढं गोंधळतात.

रात्री लॅपटॉपवर प्रत उघडून आतलं बघत बसलो. अण्णांच्या विद्यार्थ्यांचे सरावाचे उतारे, इंग्रजी ३०, मराठी ३०, नावांप्रमाणे फोल्डर. डी ड्राइव्हवर 'टॅली_ओल्ड'. हे नाव ताईनं दिलेलं. अण्णा हिशोब वहीत लिहायचे, टॅलीला कधीच हात लावायचे नाहीत. चार वर्षं तो खेळ त्या नावाखाली लपून राहिला.

सगळा खेळ आहे. सुखरूप.

२४ सप्टेंबर, बुधवार, पुणे

एक गोष्ट जुळत नाहीये.

'टॅली_ओल्ड'मधल्या बहुतेक फाइल्स २००२ च्या. पण एका फाइलीवर शेवटच्या बदलाची वेळ आहे १९ नोव्हेंबर २००६, रात्री १ वाजून ७ मिनिटं. खेळातली गुणांची यादी हिच्यात असावी. मी जून २००६ मध्ये दहावी होऊन लातूरला गेलो, अकरावीला. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरात झाली, मी सुट्टी संपवून परतलो होतो. नोव्हेंबरात मी बार्शीत नव्हतोच.

आधी वाटलं, घड्याळ चुकलं असेल. म्हणून सरावाच्या फाइल्स ताडून बघितल्या. त्या आठवड्यातल्या सगळ्या सकाळी सात ते संध्याकाळी साडेआठच्या मधल्या, रविवारी एकही नाही. म्हणजे घड्याळ बरोबर होतं. १९ तारीख रविवार होती. शनिवारी रात्री कुणीतरी इन्स्टिट्यूट उघडून, अंधारात, एकट्यानं खेळलं होतं.

लॅपटॉपवर जुनं विंडोज चालवून खेळ उघडला आणि यादी आणली. वरची जागा ताईच्या आद्याक्षरांची. आम्ही दोघांनी चार वर्षांत कमावलेल्या प्रत्येक आकड्याच्या कितीतरी वर.

२७ सप्टेंबर, शनिवार, पुणे

राहवलं नाही. ताईला फोन केला. संगणकाचं सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "ताई, तू हाउस ऑफ द डेड पूर्ण केला होतास?"

बराच वेळ काही बोलली नाही. मागं कुकरच्या शिट्या होत होत्या. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"केला होतास का?"

"हो. तू लातूरला गेल्यावर. एकदाच."

"मला का नाही सांगितलंस?"

"सोफीमुळं."

एवढंच बोलली आणि पोरगं बोलावतंय म्हणून ठेवला.

सोफीबद्दल लिहितो. खेळाची गोष्ट १८ डिसेंबर १९९८ ची. थॉमस रोगन आणि त्याचा साथीदार जी, असे दोघे एजंट वाड्यावर जातात. सोफी ही रोगनची होणारी बायको, त्या वाड्यातल्या प्रयोगशाळेत कामाला. तिचाच मदतीसाठी फोन आलेला असतो. पहिल्या भागाच्या शेवटी ती सापडते, धावत येते, आणि तिथंच चॅरियट तिच्यावर वार करतो. पहिल्यांदा ते पाहिलं त्या रात्री मी जेवलो नाही. आईला वाटलं ताप आलाय. पांघरुणात तोंड घालून रडत होतो आणि ताई शेजारच्या गादीवरून सांगत होती, "अरे, मेली नाहीये ती. शेवटी उठते. आपण सगळे राक्षस मारले की उठते." तिला तेव्हा शेवट ठाऊक नव्हता. पण मी त्यावर विश्वास ठेवला. चार वर्षं मी जो खेळत होतो तो सोफीला उठवायला.

ह्या खेळाला तीन शेवट आहेत हे मला फार नंतर कळलं. एकात सोफी जिवंत दिसते. एकात ती झोंबी झालेली असते.

म्हणजे ताईला कुठला दिसला असेल, ते आता कळतंय.

१ ऑक्टोबर, बुधवार, बार्शी

खंडेनवमी. रजा टाकून आलो. गाळ्यातली ही शेवटची पूजा. अण्णांनी सतराही यंत्रांची झाकणं काढली, फडक्यानं पुसली, प्रत्येकाला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तीन नंबर कुठाय?" पुण्याहून आणलं होतं. त्यावरही बोट उमटलं.

त्यांना सगळं सांगून टाकलं. पाऊण तास, टॅली_ओल्ड, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. "मला वाटायचं, तुम्ही दोघं स्पीड वाढवताय. कीबोर्ड वाजायचा नाही, एवढंच खटकायचं."

मग त्यांना मोबाइलवर एक गोष्ट दाखवली. सेगानं १९९९ मध्ये ह्याच खेळाचा दुसरा भाग टायपिंगचा करून काढला, 'द टायपिंग ऑफ द डेड'. झोंबी समोर येतो, त्याच्यावर शब्द लिहिलेला असतो, तो अचूक टाइप केला की झोंबी पडतो. त्यातल्या एजंटांच्या पाठीवर अख्खं गेमचं यंत्र बांधलेलं असतं आणि छातीसमोर की-बोर्ड. अण्णांनी चष्मा लावून पाच मिनिटं पाहिलं. "चूक झाली तर?" "झोंबी चावतो." "बरोबर आहे," म्हणाले. "चुकीला माफी नको. आधी माहीत असतं तर पाचही मशीनवर घातला असता हा." त्यांनी खरंच घातला असता. पोरांनी चुका कमी कराव्यात म्हणून त्यांनी आयुष्यभर काय काय केलंय ते मी पाहिलंय.

संध्याकाळी मॉनिटर टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडं दिला. पंधरा इंची. चालू होतो, पण चित्र आक्रसलेलं आणि अंधूक. काचेच्या नळीत हजारो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही ते आत राहतात. हे काम मी स्वतः करणार नाही. काकांनी मागचं झाकण न काढताच आवाजावरून सांगितलं, "ह्याचा फ्लायबॅक चांगला आहे. पॉवरचे दोन कंडेन्सर बदलतो. उद्या दसरा, परवा या."

३ ऑक्टोबर, शुक्रवार, बार्शी

मॉनिटर तयार. काकांनी पैसे घेतले ते फक्त कंडेन्सरचे. चालू करताना तोच 'टुंग' आवाज. डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग अजून आहे. आम्ही स्पीकर मॉनिटरला चिकटवून ठेवायचो, त्यातल्या चुंबकानं तो पडलेला. डाव्या दारातून येणारा झोंबी आधी जांभळा व्हायचा, मग हिरवा. ताई त्याला 'कोपऱ्यातला' म्हणायची. डीगॉस करून, म्हणजे पडद्यातलं चुंबकत्व घालवून, तो डाग काढता येईल. मी काढणार नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार, पुणे

सगळं जोडलं. विंडोज ९८ सुरू झालं. खेळ सुरू झाला.

नळीच्या मॉनिटरवर ६४० बाय ४८० चं चित्र बघून एक गोष्ट कळली. लॅपटॉपवर हाच खेळ बघताना झोंब्यांचे चेहरे म्हणजे चार त्रिकोण आणि त्यांवर चिकटवलेलं चित्र, हे स्पष्ट दिसत होतं. इथं कडा एकमेकींत मिसळतात, काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि त्या काळ्यात काहीतरी आहे असं वाटत राहतं.

पण आजची खरी नोंद आवाजाची आहे.

गेल्या आठवड्यात मी २०२२ मध्ये पोलंडच्या मेगापिक्सेल स्टुडिओनं नव्यानं केलेली आवृत्ती खेळून पाहिली. मेहनतीनं केलीय, वाडा भरगच्च आहे. सुरू होताच संगीत सुरू झालं आणि मी गोंधळलो. हे संगीत मी कधी ऐकलंच नव्हतं. आज क्रमांक ३ वर खात्री झाली: आमच्या प्रतीत संगीत नाही. सोलापूरच्या नव्या पेठेतून आणलेल्या त्या सीडीवर तीस-चाळीस खेळ कोंबलेले होते. जागा व्हावी म्हणून तेव्हा कुणीतरी संगीत, व्हिडिओ असलं जड सामान काढून टाकायचं आणि उरलेला खेळ सीडीवर भरायचं. बनवणाऱ्यांच्या कष्टाचा एवढा मोठा तुकडा कापून तो आमच्यापर्यंत आला होता, आणि आम्ही तोच पूर्ण समजत होतो.

संगीत असलं की ते आधी सांगतं: आता घाबर, आता सुटलास. आम्हाला कुणी काही सांगत नव्हतं. जिन्यावरून पावलं, दार करकरायचं, झोंब्याचं हुंकारणं, आणि मध्ये पूर्ण शांतता. त्या शांततेत खोलीचे आवाज शिरायचे. यूपीएसचे. पंख्याचे. पुढच्या खोलीत एखाद्या यंत्राची घंटी आपोआप किणकिणल्यासारखं वाटायचं. रस्त्यावर चपला वाजल्या की अण्णा आले की काय म्हणून ताईचं बोट थांबायचं आणि नेमका त्याच वेळी समोर कुणीतरी दार फोडून यायचं. वाड्यात काय वाजलं आणि गाळ्यात काय वाजलं, हे आम्हाला वेगळं करता येत नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भीतीदायक खेळ हा असा, अर्ध्या सीडीनं आणि अर्ध्या आमच्या इन्स्टिट्यूटनं मिळून झाला होता.

पूर्ण आवाजाची आवृत्ती घालावी का, असा विचार आला. नाही. भाऊबीजेला आमचाच, मुका.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, पुणे

आजपासून विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टनं थांबवली. ऑफिसात दिवसभर तीच धावपळ. घरी येऊन विंडोज ९८ वर तासभर चाचणी: गरम होत नाही, अडकत नाही. माउसच्या आतल्या रोलरांवरचा मळ नखानं काढला. उजवं बटण दाबून पाहिलं, टिक वाजतं.

एकट्यानं खेळून बघितलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, बार्शी

ओवाळून झालं. जेवणं झाली. ताईला म्हटलं, गाळ्यात एकदा चल, काही पुस्तकं तुझी आहेत. भाचा पण मागं आला. तो नऊ वर्षांचा.

मागच्या खोलीत मी पडदे ओढून ठेवले होते. ताई दारात थांबली. मॉनिटर चालू होता, कोपऱ्यात जांभळा डाग. ती आत आली, कॅबिनेटवरच्या '३' वर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "यूपीएस कुठाय?"

"आता वीज जात नाही गं."

"तरी." असं म्हणून तिनं टेबलाखाली वाकून बघितलं.

दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, तिची डावीकडं. ती उजवीकडच्या खुर्चीत बसली. "आज तू मार. मी मोजते."

मग माझा हात माउसवर आणि तिचं बोट उजव्या बटणावर. अंगण, कारंजं, पहिला झोंबी. पहिल्याच दमात माझ्या चार गोळ्या हवेत. ती हळू आवाजात मोजत होती, आकड्यांमध्ये एवढंही अंतर नाही, जणू मधली एकोणीस वर्षं ती मनात मोजतच होती. "चार, पाच, सहा," टिक. "चार, पाच, सहा," टिक. पांढऱ्या डगल्यातला शास्त्रज्ञ पुलावर अडकलेला असतो, तो वाचला तर पुढची वाट एक, नाहीतर दुसरी. तो वाचला. भाचा आमच्या खुर्च्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. काही वेळानं त्यानं माझ्या दंडाला धरलं.

सोफी आली, चॅरियट आला. वार झाला तेव्हा ताई पडद्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

चॅरियट पडल्यावर मी खेळ थांबवला आणि विचारलं. तिनं सांगितलं. त्या शनिवारी रात्री अण्णा-आई पंढरपूरला गेले होते. ती किल्ली घेऊन आली, दार आतून लावलं. उजवं बटण स्वतःच दाबायला लागतं म्हटल्यावर पहिल्या दोन-तीन खेळांत मोजणंच चुकायचं. मग मोठ्यानं मोजायला लागली, माझ्या आवाजात. "तुझ्यासारखं ओरडून. सहा! एकटी, रात्री बाराला. वेड लागलं असं वाटलं असतं कुणाला." मॅजिशियन मेला. शेवट आला, आणि त्यात सोफी झोंबी होऊन उभी होती. ताई म्हणाली, "चार वर्षं तुला सांगत होते उठते म्हणून. आणि उठली ती अशी. ते तुला फोनवर सांगायचं होतं का मी?"

"तीन शेवट आहेत ताई."

"काय?"

"तीन. एकात जिवंत असते."

तिला ठाऊक नव्हतं. आज, इथं, कळलं. ती खुर्चीत मागं टेकली आणि बराच वेळ मॉनिटरकडं बघत राहिली. मग भाच्याला म्हणाली, "जा, आज्जीला सांग चहा इकडंच दे," आणि बोट परत बटणावर ठेवलं.

अंधारातून दारापर्यंत जाताना ती माझं मनगट का धरायची, तेही सांगितलं. भीती तिला वाटायची. मी पुढं असलो की तिला चालता यायचं.

हँग्डमॅन पार. हर्मिट पार, शेवटच्या कंटिन्यूवर. आणि मग मॅजिशियन, आगीत तरंगत, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. फार वेगानं हलतो. मी बघतच राहिलो आणि एवढ्यात संपलोही.

ताईनं घड्याळ बघितलं. उद्या सकाळी तिची नऊची गाडी.

उरलेली कामं: माउसच्या आडव्या रोलरवर तेलाचा थेंब. अण्णांकडून गाळ्याची किल्ली रात्रीपुरती मागून घेणे. साडेनऊला परत बसायचं, डावीकडं ताई.